मातीचे आरोग्य आणि रोग्याचा अपराध

कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाच्या घरी औषधांपूर्वी बहुधा पथ्याची यादी येऊन पोहोचते. साखर वर्ज्य, मीठ वर्ज्य, शिजविलेले अन्न शक्यतो नको. गव्हांकुरांचा रस, कच्ची हळद, कडुनिंब, गोमूत्र आणि दिवसभर फळाभाज्यांचे रस. या याद्यांची थट्टा करणे सोपे आहे. तो प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. त्यांच्यामागे एक विचार उभा आहे, तो पुष्कळ अंशी उदात्त आहे, आणि त्याच्या जडणघडणीत इंदूर शहराचा वाटा आहे. म्हणूनच तो विचार कोठवर खरा आहे आणि कोठून पुढे तो दुखणाइतावर अन्याय करू लागतो, हे इंदूरपासूनच पाहणे योग्य होईल.

१९२४ साली इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत सिद्ध केली. १९३१ साली या दोघांच्या नावे तिच्यावरील ग्रंथ निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. पुढे १९४० व १९४७ च्या आपल्या ग्रंथांत हॉवर्ड यांनी याहून मोठे विधान मांडले. ते असे की, माती, पीक, जनावर व मनुष्य यांचे आरोग्य ही एकच अखंड साखळी आहे. सकस मातीतील चाऱ्यावर पोसलेले आपले बैल लाळखुरकताच्या साथीतील गुरांजवळ राहूनही आजारी पडले नाहीत, हा त्यांचा आवडता दाखला होता.

येथे समीक्षकाने थोडे थांबावे. खताच्या ढिगासंबंधीचे विधान मोजून पाहिलेले होते. त्याचे थर, त्यातील ओल, तो उलथण्याचे दिवस हे सर्व कोणाही शेतकऱ्याला पडताळून पाहता येत होते, आणि फसल्यास दोष रीतीचा की मजुराचा हे कळत होते. साखळीसंबंधीचे विधान मात्र निरीक्षण व श्रद्धा यांच्या सीमेवरचे होते. बैलांवरून मनुष्यावर आणि लाळखुरकतावरून सर्व रोगांवर जाताना मधली पायरी गाळली गेली. दोन्ही विधाने एकाच लेखणीतून उतरल्यामुळे पहिल्याचे वजन वाचकाने नकळत दुसऱ्यालाही दिले.

ती गाळलेली पायरी मॅक्स गेर्सन या जर्मन वैद्याच्या १९५८ च्या ग्रंथात स्पष्ट दिसते. जर्मनी सोडून अमेरिकेत स्थायिक झालेल्या गेर्सन यांनीही रासायनिक खतांनी बिघडलेल्या जमिनीला दोष दिला, आणि सेंद्रिय भाज्यांचे ताजे रस तासातासाला देणे, मीठ वर्ज्य करणे व कॉफीचे बस्ती घेणे अशी कर्करोगाची चिकित्सा सांगितली. पन्नास रोग्यांच्या हकिकती हा त्यांच्या ग्रंथाचा गाभा आहे. तथापि जे बरे झाले त्यांच्याच कथा सांगितल्या म्हणजे चिकित्सा सिद्ध होत नाही. एकूण किती आले आणि किती गेले, हा आकडा त्यांच्याशेजारी असावा लागतो.

शिवाय रोग होऊ न देणे आणि झालेला रोग घालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रिचर्ड डॉल व रिचर्ड पीटो यांनी १९८१ साली अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्क्यांचा संबंध आहाराशी असावा, असा अंदाज केला. स्वतः त्यांनीच तो अतिशय सैल म्हटला. तो जसाच्या तसा मानला तरी त्यावरून आहाराने कर्करोग बरा होतो असे निघत नाही. गुरे शेतात शिरू नयेत म्हणून कुंपण घालतात. शिरलेली गुरे कुंपणाने बाहेर निघत नाहीत.

या चिकित्सांची परीक्षा झालीच नाही, असेही नाही. जर्दाळूच्या बियांशी संबंधित ‘लेट्रिल’ हे द्रव्य विशिष्ट आहार व जीवनसत्त्वांसह १७८ रोग्यांना देऊन पाहिल्याचा वृत्तान्त १९८२ साली प्रसिद्ध झाला. भरीव लाभ आढळला नाही. उलट काहींमध्ये सायनाइडच्या विषबाधेची चिन्हे दिसली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, रोग शरीरात दूर पसरलेला नसताना केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ रोग्यांची तुलना प्रचलित उपचार घेणाऱ्या ५६० रोग्यांशी केली गेली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट आणि स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून अधिक आढळला. आपल्या देशात नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या आरोग्यलाभाचे श्रेय लिंबू, हळद, कडुनिंब व उपवास यांना दिले, तेव्हा टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना, अशा विधानांवर विसंबून उपचार लांबवू नयेत, असे निवेदन काढावे लागले. त्या बाईंवर शस्त्रक्रिया व रासायनिक उपचारही झाले होते. पण ऐकणाऱ्यांच्या स्मरणात लिंबू-हळद तेवढी राहिली.

परंतु आमचा मुख्य आक्षेप आकड्यांपुरता नाही. तो नैतिक आहे. ज्या सिद्धान्तात रोग हे चुकीच्या आहाराचे फळ आहे आणि आरोग्य हे कडक पथ्याचे, त्या सिद्धान्ताला अपयश कधीच येत नाही. अपयश येते ते रोग्याला. गाठ वाढली तर पथ्य मोडले असेल, मनात शंका आली असेल, रस शिळा असेल. मरणाऱ्या माणसाने शेवटच्या दिवसांत चमचाभर गोड खीर मागितली तर घरातील माणसे तिच्याकडे पापाप्रमाणे पाहतात. ईयोबाचे मित्र त्याच्यापाशी राखेत बसून नेमके हेच करीत होते. त्याचे दुःख त्यांना सोसवत नव्हते, म्हणून त्यांनी त्याचा अपराध शोधला. आज त्या मित्रांच्या हाती पथ्याची यादी आहे, एवढाच फरक.

तथापि दुखणाईत या वाटेला का वळतो, हे न समजता केलेली टीका अर्धवट ठरेल. रुग्णालयात त्याच्यावर सर्व काही केले जाते; स्वतः करावयास त्याला काही उरत नाही. ताट ही एकच गोष्ट त्याच्या हातची राहते. रस काढून देणाऱ्या पत्नीला आपण काही करीत आहोत, हा धीर मिळतो. ही गरज खरी आहे आणि ती झिडकारू नये. मात्र रोग व उपचार या दोहोंनी आधीच क्षीण होणाऱ्या शरीराचे अन्न कमी करणे म्हणजे त्याचे उपचार सोसण्याचे बळ काढून घेणे होय. यास्तव कोणताही काढा, भस्म वा उपवास डॉक्टरांपासून लपवू नये, आणि डॉक्टरांनीही तो ऐकून रागावू नये. रागावल्यास रोगी पथ्य सोडीत नाही, सांगणे सोडतो.

परंपरेतील ज्ञान टाकाऊ आहे, असाही याचा अर्थ नव्हे. आपल्या अंगणातील सदाफुली काही देशांत मधुमेहावरील घरगुती औषध होती. तिची परीक्षा करताना १९५८ च्या सुमारास कॅनडात कर्करोगावरील द्रव्य हाती आले, आणि तिच्यापासूनचे व्हिन्क्रिस्टीन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिले जाते. इंदुरात १९११ साली जन्मलेल्या कमलाबाई सोहोनी यांनी नीरेसारखे साधे पेय प्रयोगशाळेत नेले, त्यातील जीवनसत्त्वे व लोह मोजले आणि कुपोषित मुलांना व गर्भवतींना त्याचा उपयोग दाखवून दिला. नीरेने असाध्य रोग जातात असे त्या म्हणाल्या नाहीत. जेवढे तपासले तेवढेच त्यांनी सांगितले. खताच्या ढिगाची आणि नीरेची ही शिस्त हाच इंदूरचा खरा वारसा होय.

आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या आपल्या पाळकांनी व मंडळीतील बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे. खाटेशेजारी बसून ‘तुम्ही काय खात होता?’ असे विचारू नये; ‘आज काय खावेसे वाटते?’ असे विचारावे, आणि वैद्याची हरकत नसल्यास ते करून न्यावे.