घडी आणि तीन टिंबं

पडद्यावर एक यादी आहे. केळी, गाजरं, सूप. घरी जाताना आणायच्या वस्तू. तारीख ९ डिसेंबर १९६८, गाव सॅन फ्रान्सिस्को, समोर हजारेक संगणकतज्ज्ञ. कानाला हेडसेट लावून मंचावर बसलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस म्हणजे डग्लस एंगलबार्ट. त्याचा संगणक इथे नाहीच. तो आहे पन्नासेक किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. चित्र मायक्रोवेव्हच्या दुव्यानं इकडे येतंय. या दीड तासात एंगलबार्ट माऊस दाखवतो, एका शब्दावरून दुसऱ्या मजकुरात उडी मारून दाखवतो, तिकडे मेन्लो पार्कात बसलेल्या सहकाऱ्याशी एकाच पडद्यावर काम करून दाखवतो. या सगळ्याचं कौतुक पुष्कळांनी केलंय. मी मात्र ती चित्रफीत लावतो ती बाजाराच्या यादीसाठी.

ती यादी कवितेसारखी सावकाश वाचण्याजोगी आहे. सुरुवातीला ती सपाट असते; जे जसं आठवलं तसं, एकाखाली एक. मग फळं-भाज्यांचा एक मथळा येतो आणि गाजरं त्याच्या पोटात जातात. ओळींना क्रमांक लागतात. १ च्या पोटात १ए, १ए च्या पोटात १ए१. आकडा, अक्षर, पुन्हा आकडा अशी ती उतरंड. वस्तू हलवली की क्रमांक आपोआप बदलतात. गाजरानं घर बदललं की पत्ताही बदलतो. इथवर गंमत आहे, चमत्कार नाही. चमत्कार पुढच्या आज्ञेत आहे. फक्त वरच्या पातळीच्या ओळी दाखव, असं तो यंत्राला सांगतो आणि यादी मिटते. केळी गेली, गाजरं गेली, उरले नुसते मथळे. पुढची आज्ञा, आणि सगळं जागच्या जागी परत.

त्यानंतर तीच यादी नकाशा होऊन येते. कचेरीपासून घरापर्यंतच्या वाटेची एक साधी रेघ, वाटेत थांबे. वाचनालय, औषधाचं दुकान, बाजार. थांब्यावर टिचकी मारली की तिथलं काम उघडतं. वाचनालयाच्या नावामागे निघतात मुदत उलटून गेलेली पुस्तकं. सभागृहात हशा होतो. मला या जागेचं फार कौतुक वाटतं. या संशोधनाला पैसा होता अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा आणि नासाचा. उदाहरण म्हणून अग्निबाणाच्या बांधणीचा आराखडा घेतला असता तर कुणी भुवई उंचावली नसती. त्यानं घेतली परत न केलेली पुस्तकं. योजना आखण्याचं यंत्र जगाला पहिल्यांदा असं दिसलं, तेव्हा त्याच्या पोटात एक राहून गेलेलं काम होतं.

आणखी एक गोष्ट दुसऱ्यांदा बघताना लक्षात येते. त्या भाषणाची रूपरेषाही त्याच यंत्रात भरलेली आहे. एक मुद्दा संपला की तो रूपरेषेवर परततो आणि पुढची ओळ उघडतो. म्हणजे यंत्राची ओळख करून देणारं भाषण यंत्राच्याच घडीतून बाहेर येत असतं.

घडी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मराठीत घडी कापडाची असते, वेळेचीही असते आणि संसाराचीही. घडी घालतात, मोडतात, बसवतात. घडी बसते आणि विस्कटते. कामाच्या आराखड्याला लागणारी जवळजवळ सगळी क्रियापदं या एका नामाभोवती जमलेली आहेत. घडी घातलेली साडी कमी झालेली नसते. ती नऊवारच असते, फक्त कपाटात मावते. आउटलाइनर नावाच्या सॉफ्टवेअरची सगळी करामत एवढीच. आपल्याकडे ही रीत कागदावर जुनीच आहे. मोडीतल्या जमाखर्चात वर मोठं कलम, त्याखाली बितपशील, त्याखाली पैकी, आणि प्रत्येक पायरीला मजकूर थोडा आत सरकलेला. पेशवे दफ्तरातले असे कागद रुमालात बांधून ठेवलेले. रुमाल म्हणजे तरी काय, घडी आणि गाठ. कागदाला फक्त एक जमत नव्हतं. पोटातला तपशील मिटवून वरची कलमं तेवढी वाचायची सोय नव्हती. त्यासाठी कारकुनाला गोषवारा वेगळा लिहावा लागे.

एंगलबार्टचं यंत्र खोलीभर होतं. ते टेबलावर यायला पंधरा वर्षं गेली. १९८३ मध्ये डेव्ह वायनरच्या कंपनीनं अॅपल-२ साठी थिंकटँक काढलं. त्यात ज्या ओळीच्या पोटात काही आहे तिच्यापुढे अधिकचं चिन्ह आणि जिच्या पोटात काही नाही तिच्यापुढे उण्याचं. इतकी साधी खूण, पण वाचणाऱ्याला दिलासा देणारी. मिटलेली ओळ आणि रिकामी ओळ यांत फरक आहे, हे यंत्र आपल्याला सांगून ठेवतं. तीन वर्षांनी वायनरनं मॅकिंटॉशसाठी मोअर आणलं आणि रूपरेषेतूनच भाषणाचे तक्ते निघू लागले. पुढे असल्या सॉफ्टवेअरांची रांग लागली. त्यातली बरीच आवडती असतानाच बंद पडली. वापरणारे जुनी मशीनं जपून ठेवत राहिले, एखाद्या बंद झालेल्या खानावळीच्या आमटीची आठवण काढावी तशी त्यांची आठवण काढत राहिले. मला तो हळवेपणा आवडतो, पण त्या वाटेला इथे जात नाही.

मी रमलो ते ऑर्ग-मोडमध्ये. २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक या नेदरलंड्समधल्या खगोलशास्त्रज्ञानं ते स्वतःच्या सोयीसाठी लिहिलं. ईमॅक्स नावाचा जुना, मोफत, जरा विक्षिप्त मजकूर-संपादक आहे. त्याच्या आत हे चालतं. बाहेरून बघाल तर काहीच नाही. साधा मजकूर, ओळीच्या सुरुवातीला चांदण्या. एक चांदणी म्हणजे मोठा मथळा, दोन म्हणजे पोटमथळा, तीन म्हणजे त्याच्या पोटातला. उद्या सॉफ्टवेअर नाहीसं झालं तरी फाइल कशातही उघडेल आणि चांदण्या मोजून उतरंड कळेल. वर म्हटलेली खानावळीची भीती इथे नाही.

यातली टॅब ही कळ माझ्या मते एक संपूर्ण रचना आहे. मथळ्यावर उभं राहून ती एकदा दाबली की त्याची लेकरं दिसतात, नुसती नावं. दुसऱ्यांदा दाबली की नातवंडं-पतवंडं, खालचा मजकूर, सगळा गोतावळा. तिसऱ्यांदा दाबली की सगळं मिटतं आणि ओळीच्या शेवटी तीन टिंबं उरतात. मिटलेलं, अर्धं उघडलेलं, पूर्ण उघडलेलं. तिसऱ्यानंतर पुन्हा पहिलं. एकाच कळीवर बोट ठेवून ताना घेतल्यासारखं हे चालतं. मधली अवस्था सगळ्यात सुंदर. काम किती मोठं आहे याचा अंदाज येतो, पण त्याचं ओझं अंगावर येत नाही. आणि ती तीन टिंबं. मराठी कथेत तीन टिंबं आली की लेखकाला पुढे बोलवत नाही असं आपण समजतो. इथे त्यांचा अर्थ उलटा आहे: सांगण्यासारखं भरपूर आहे, तुम्ही विचाराल तेव्हा सांगू.

दिवाळी अंकाचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्याची पहिली फाइल मी ऑर्ग-मोडमध्ये केली तेव्हा घरातल्यांना वाटलं, आता हा अंक वेळेवर काढणार. चांदणी: कथा. चांदणी: लेख. चांदणी: जाहिराती, मुखपृष्ठ, मुद्रितं, छपाई. कथांच्या पोटात लेखकांची नावं, नावांच्या पोटात मी केलेल्या फोनांच्या नोंदी. ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की अख्खी शाखा, पोटातल्या सगळ्या बोलाचालीसकट, उचलून वरच्या जागी जाते. अंकाचा अनुक्रम मी तसाच लावतो, कथा खालीवर करत. कागदावर हे करताना खोडाखोडीनं वहीची चाळण व्हायची. एक खोट मात्र सांगायला हवी. जाहिरातींच्या हिशेबाचा तक्ता यात देवनागरीतून केला की स्तंभ सरळ राहत नाहीत. जोडाक्षरं आणि वेलांट्या मोजताना यंत्राचा हिशेब चुकतो आणि उभ्या रेघा पावसात उभ्या असल्यासारख्या वाकड्यातिकड्या दिसतात. शेवटी मी जाहिरातदारांची नावं रोमन लिपीत लिहू लागलो. माझ्या मराठीप्रेमाची घडी तिथे जरा विस्कटली.

ऑर्ग-मोडचं खरं धारदार वाङ्मय त्याच्या अजेंडा नावाच्या पानात आहे. एखाद्या कामाला तारीख लावली आणि ते त्या दिवशी झालं नाही, तर ते त्या तारखेला चिकटून बसत नाही. दुसऱ्या दिवशी आजच्या पानावर येतं, तिसऱ्या दिवशीही येतं. आणि त्याच्यापुढे यंत्र एक आकडा लिहितं: हे काम कितव्या खेपेला इथे आलंय. तीन, सात, एकोणीस. रागावणं नाही, लाल दिवा नाही, नुसती मोजदाद. दाराशी रोज येऊन, काही न बोलता ओट्यावर बसून परत जाणाऱ्या वसुलीवाल्यासारखं. शेवटच्या मुदतीचं शास्त्र वेगळं. किती दिवस उरले ते आधी सांगतात, मुदत उलटली की किती दिवसांपूर्वी उलटली ते. एंगलबार्टच्या वाचनालयातली पुस्तकं या पानावर आली असती तर कितव्या खेपेचा आकडा दिसला असता, असं मला हमखास मनात येतं.

या सगळ्याच्या अगदी विरुद्ध टोकाला तो आडव्या पट्ट्यांचा तक्ता. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री गँटनं तो कारखान्यांसाठी रुळवला. १९५८ च्या सुमाराला पोलारिस पाणबुडी-क्षेपणास्त्रांच्या कामात कामांच्या जाळ्याचं गणित त्याला येऊन मिळालं. कुठलं काम रखडलं तर सगळं रखडेल ती नाजूक साखळी त्यात शोधून काढतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या सॉफ्टवेअरांनी ते गणित टेबलाटेबलावर आणलं. पूल बांधायला ते हवंच. एका वर्षी, एका हितचिंतकाच्या आग्रहाखातर, मी दिवाळी अंकही त्यात बसवून पाहिला. सोळा पानांचा प्रत्येक फॉर्म म्हणजे एक पट्टी. शेवटचा फॉर्म छापखान्यात जायच्या आधी मुद्रितं, त्याआधी जुळणी, त्याआधी मजकूर. नाजूक साखळी निघाली ती थेट एका ज्येष्ठ कथाकारापाशी. त्यांनी फोनवर ‘दोन दिवसांत देतो’ म्हटलं की उजवीकडच्या सगळ्या पट्ट्या दोन घरं सरकायच्या. आठवड्यातून तीनदा सरकायच्या. छपाईची पट्टी नरकचतुर्दशीला टेकली तेव्हा मी तो तक्ता बंद केला. त्याच्यात दोष नव्हता. मी मांडला होता तसा त्याला मिटता येत नव्हतं, एवढंच. एक माणूस उशीर करतो हे कळायला सगळा अंक डोळ्यांपुढे पसरून ठेवावा लागत होता.

आउटलाइनरच्या रसिकांचा एक दुर्गुणही लपवू नये. घडी घालण्याचीच चटक लागते. कामाच्या फाइलीपेक्षा फाइलीच्या मांडणीवर जास्त रात्री जातात. खुणांचे रंग कोणते, अवस्था किती, शाखा वर्षवार की विषयवार. मी एकदा कथांची शाखा ‘मागितली, कबूल, आली, वाचली, परत पाठवली, पुन्हा आली’ अशा अवस्थांत विभागली आणि त्या रंगीत पाटीकडे बघत चहा प्यालो. त्या आठवड्यात एकही कथा वाचून झाली नाही. तरी त्या चहाचा मला पश्चात्ताप नाही. रांगोळी पुसली जाणार म्हणून कुणी ठिपके चुकवत नाही.

या श्रावणात यंदाची फाइल उघडली. गेल्या वर्षीची शाखा खाली मिटून पडलेली होती. ती टॅबनं उघडली. सगळ्या ओळी झालेल्या, एक सोडून. त्याच ज्येष्ठ कथाकारांची कथा, अजून करायच्या कामांत. तिच्या पोटात माझ्याच नोंदी. ‘फोन केला, देवळात होते.’ ‘शेवट सुचत नाहीये म्हणाले.’ ‘दोन दिवसांत.’ ‘दोन दिवसांत.’ ‘अंक छापून गेला, त्यांना पाठवला, आवडला म्हणाले.’ ती शाखा पोटातल्या नोंदींसकट कापून यंदाच्या कथांत आणून ठेवली. ऑल्ट आणि बाण दाबून सगळ्यांच्या वर नेली. तारीख उद्याची लावली. मग टॅब दाबला आणि नावापुढे तीन टिंबं आली.