ऐकले जाणारे थेट प्रक्षेपण : पेण–रोहा परिसराच्या संदर्भात मराठी क्रीडासमालोचनाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मैदानावर न जाता सामना अनुभवण्याची साधने गेल्या शंभर वर्षांत तीन वेळा बदलली. प्रथम आकाशवाणी आली, त्यानंतर दूरचित्रवाणी आली आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आंतरजालाद्वारे थेट प्रक्षेपण येऊन पोहोचले आहे. या स्थित्यंतराचा विचार बहुधा तंत्रज्ञान, अर्थकारण किंवा तरुणांच्या सवयी या अंगांनी केला जातो. प्रक्षेपणासोबत जी मराठी बोलली जाते, तिचा भाषिक आविष्कार म्हणून विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. वास्तविक समालोचन हा मौखिक गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यात निवेदन आहे, वर्णन आहे, नाट्य आहे आणि उत्स्फूर्ततेची कसोटीही आहे. कथा-कादंबरीच्या भाषेला लावले जाणारे निकष जसेच्या तसे त्याला लागू पडत नसले, तरी ते निकषांच्या पलीकडचे नाही.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचा परिसर समोर ठेवून या समालोचनाचे परीक्षण केले आहे. हा परिसर निवडण्याचे कारण असे की, येथे थेट प्रक्षेपणाचे दोन प्रवाह एकाच वेळी वाहतात. एक प्रवाह मोठ्या कंपन्यांच्या सेवांतून येणाऱ्या क्रिकेटचा व प्रो कबड्डीचा, तर दुसरा गावोगावच्या मैदानांवरून यू-ट्यूबवर दाखवल्या जाणाऱ्या स्थानिक कबड्डी स्पर्धांचा आहे. आंतरजालावरील प्रक्षेपण ‘पाहिले’ जाते असे गृहीत धरून मोठ्या सेवांचे मराठी समालोचन घडवले जाते. या परिसरात मात्र ते मोठ्या प्रमाणावर ‘ऐकले’ जाते, आणि या विसंगतीमुळेच त्या भाषेत उणीव राहते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘थेट’ या शब्दाचा अर्थ

‘थेट प्रक्षेपण’ या संज्ञेतील ‘थेट’ हा शब्द प्रथम तपासून पाहिला पाहिजे. आंतरजालावरून येणारे चित्र सलग प्रवाहासारखे भासले, तरी ते काही सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांत विभागून पाठवले जाते. प्रेक्षकाचे यंत्र असे काही तुकडे आधी साठवून घेते व मगच ते दाखवू लागते. त्यामुळे मैदानावरील घटना आणि पडद्यावरील घटना यांत काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत अंतर पडू शकते. शेजारच्या घरातील दूरचित्रवाणीवर गडी बाद झाल्याचा जल्लोष आधी ऐकू येतो आणि हातातील भ्रमणध्वनीवर गोलंदाज अजून धावतच असतो, हा अनुभव आता सर्वपरिचित आहे. आकाशवाणीच्या काळी श्रोत्याच्या कानावर पडणारा शब्द घटनेच्या अगदी लगत असे. चित्राची श्रीमंती वाढली, पण हा लगतपणा कमी झाला. संपर्कजाळे क्षीण झाले की चित्र गोठते. प्रेक्षकाला मधला तुटलेला दुवा जोडून देण्याची जबाबदारी मग समालोचकाच्या शब्दांवर येऊन पडते. प्रत्यक्षात हे भान फारच कमी समालोचनात आढळते.

आकाशवाणीचा वारसा

मराठी क्रीडासमालोचनाची जडणघडण आकाशवाणीवर झाली. बाळ ज. पंडित यांचे नाव या संदर्भात अग्रक्रमाने घ्यावे लागते. वि. वि. करमरकर यांनी वृत्तपत्रीय लेखनाबरोबर समालोचनातूनही खेळाची मराठी घडवली. ‘पायचीत’, ‘त्रिफळाचीत’, ‘यष्टिरक्षक’, ‘निर्धाव षटक’, ‘धावफलक’ हे शब्द आज पाठ्यपुस्तकी वाटत असतील. परंतु त्यांना सर्वसामान्यांच्या तोंडी रुजवण्यात आकाशवाणीवरील समालोचनाचा आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापानांचा मोठा वाटा आहे.

या परंपरेचे खरे सामर्थ्य केवळ परिभाषेत नव्हते. श्रोत्याला काहीही दिसत नाही, ही त्या समालोचनाची पूर्वअट होती. गोलंदाज कोणत्या टोकाकडून येत आहे, क्षेत्ररचना कशी आहे, चेंडू कुठे टप्पा घेऊन कुठे वळला, फटका कोणाच्या डावीकडून गेला आणि आता धावसंख्या किती, हे सर्व काही क्षणांत क्रमाने सांगावे लागे. महाभारतातील संजयाचा दाखला समालोचनाच्या संदर्भात नेहमी दिला जातो तो त्याच्या दिव्यदृष्टीसाठी. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, तो ज्याला सांगत होता त्याला दिसत नव्हते. श्रोत्याच्या या स्थितीमुळेच संजयाच्या कथनाला वर्णनाची शिस्त प्राप्त झाली.

वॉल्टर ऑंग यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विद्युत माध्यमांतून निर्माण होणाऱ्या मौखिकतेला ‘दुय्यम मौखिकता’ असे संबोधले. ही मौखिकता लेखनसंस्कृतीतून गेलेल्या समाजाची असते आणि ती श्रोत्यांचा एक समूह निर्माण करते. आकाशवाणीच्या समालोचनाने असा मराठी श्रोतृसमूह निर्माण केला होता. आंतरजालावरील समालोचन तो टिकवते की विखुरते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

भाषानिवडीची सोय आणि तिची मर्यादा

2015 मध्ये हॉटस्टार ही सेवा सुरू झाली आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओच्या आगमनानंतर आंतरजाल स्वस्त झाले. जून 2022 मध्ये आयपीएलच्या 2023 ते 2027 या हंगामांचे भारतातील दूरचित्रवाणी व डिजिटल प्रक्षेपणाचे हक्क स्वतंत्रपणे विकले गेले. 2023 च्या हंगामात जिओसिनेमाने सामने विनामूल्य दाखवले आणि समालोचनासाठी बारा भाषा उपलब्ध करून दिल्या, त्यांत मराठी होती. त्या हंगामात मराठी समालोचन करणारे केदार जाधव हंगामाच्या मध्यावरच बंगळुरूच्या संघात दाखल झाले. समालोचनाचा कक्ष आणि मैदान यांतील अंतर किती कमी झाले आहे, याचे हे बोलके उदाहरण होय. फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा व हॉटस्टार यांचे एकत्रीकरण होऊन जिओहॉटस्टार ही सेवा अस्तित्वात आली.

मराठीला मिळालेले हे स्थान निश्चितच स्वागतार्ह आहे. इंग्रजी व हिंदी यांच्या सावलीत वावरणाऱ्या मराठी प्रेक्षकाला एका स्पर्शाने आपली भाषा निवडता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु भाषा उपलब्ध होणे आणि भाषा समर्थ होणे यांत भेद केला पाहिजे. येथे चित्र, आलेख व पुनर्दृश्य सर्वांसाठी समान असतात आणि त्यांवर निरनिराळ्या भाषांचा ध्वनी चढवला जातो. त्यामुळे मराठी ही दृश्याची सहचारिणी न राहता त्यावर चढवलेला एक थर बनण्याचा धोका असतो.

उदाहरणादाखल रचलेली दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिले : ‘काय फटका आहे, अप्रतिम, नाद नाही करायचा!’ दुसरे : ‘ऑफ यष्टीबाहेर आखूड टप्प्याचा चेंडू, फलंदाज मागच्या पायावर, पॉइंटच्या क्षेत्ररक्षकाच्या डावीकडून फटका सीमापार, चार धावा, 3 बाद 84.’ पहिल्यात उत्साह आहे, पण पडदा न पाहणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. दुसऱ्यात उत्साहाचे शब्द नाहीत, तरी सामना डोळ्यांपुढे उभा राहतो. मोठ्या सेवांवरील मराठी समालोचनाचा कल पहिल्या प्रकाराकडे आहे. माजी खेळाडूंच्या गप्पा, परस्परांची थट्टा आणि बोलीतील लोकप्रिय उद्गार यांनी ते रंजक होते. पण अनेकदा सलग काही चेंडू टाकले जाऊनही धावसंख्या उच्चारली जात नाही.

पेण–रोहा : पाहणारा की ऐकणारा?

हा दोष प्रेक्षक खरोखरच पडद्यासमोर बसलेला असेल, तर किरकोळ ठरेल. पेण–रोहा परिसरातील दैनंदिन जीवन मात्र वेगळेच चित्र दाखवते. पेण शहर आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहेत. हे काम केवळ भाद्रपदापुरते नसून वर्षभर चालते. आयपीएलचे महिने म्हणजे कारखान्यांत कामाला वेग येण्याचे महिने होत. कारागिराचे हात मातीत वा रंगात असतात आणि भ्रमणध्वनी फळीवर टेकवून ठेवलेला असतो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याला स्वतःचे डोळे पडद्याकडे वळवण्याची मुभाच नसते. तो सामना ऐकतो.

रोह्यातही हेच वेगळ्या रीतीने घडते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार पाळीच्या वेळांनी बांधलेला असतो. सामना त्याच्या वाट्याला तुकड्यातुकड्यांनी, बहुधा प्रवासात येतो. दिवा–पनवेल–पेण–रोहा या लोहमार्गावर ये-जा करणाऱ्यांच्या बाबतीत गर्दीत भ्रमणध्वनी खिशात आणि ध्वनी कानात अशीच स्थिती असते. स्वयंपाकघरात राबणारी गृहिणी, दुकानात गिऱ्हाईक सांभाळणारा व्यापारी, रिक्षाचालक या सर्वांना या यादीत समाविष्ट करता येईल. तंत्रज्ञान दृक्‌श्राव्य असले, तरी त्याचा वापर बऱ्याच अंशी श्राव्यच राहिला आहे. पूर्वी कारखान्यातील फळीवर जेथे रेडिओ असे, तेथेच आज भ्रमणध्वनी आहे. बदलली आहे ती समालोचकाची श्रोत्याविषयीची कल्पना.

गावच्या कबड्डीचे समालोचन

या पार्श्वभूमीवर दुसऱ्या प्रवाहाकडे वळले असता वेगळे चित्र दिसते. रायगड जिल्ह्यात, विशेषतः आगरी-कोळी वस्तीच्या गावांत, कबड्डी हा जिव्हाळ्याचा खेळ आहे. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले होते. 1990 पासून तो आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. बुवा साळवी यांच्या जन्मदिनी, 15 जुलैला महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डीला प्रारंभ झाला आणि ‘रेड’, ‘टॅकल’, ‘डू ऑर डाय’ हे शब्द घरोघरी पोहोचले.

भातकापणीनंतर गावोगावी विजेच्या प्रकाशात होणाऱ्या स्पर्धा आता बहुधा एकाच कॅमेऱ्याच्या आधारे यू-ट्यूबवर दाखवल्या जातात. चित्र दुरून घेतलेले, कधी अंधुक असते. पण त्यासोबत येणारा आवाज मैदानातील ध्वनिक्षेपकावरचा असतो, आणि तो मुळात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या, नीट न दिसणाऱ्या माणसासाठी बोललेला असतो. चढाई डावीकडे वळली, बोनस रेषा ओलांडली, उजव्या कोपरारक्षकाने घोटा धरला, मागून साखळी आली, पकड यशस्वी, लोणासाठी एकच खेळाडू शिल्लक, असा तपशील त्यातून क्रमाने येतो. चढाई, पकड, पट, लोण, निदानरेषा ही परिभाषा येथे टिकून आहे आणि तिच्या शेजारी ‘सुपर टॅकल’ही सहज नांदते. ‘ण’च्या जागी ‘न’ येणारे आगरी वळण उच्चारात मिसळलेले असते. खेळाडूचा उल्लेख त्याच्या गावासह होतो. त्यामुळे मुंबईत वा आखाती देशांत नोकरीस असलेल्या गावकऱ्यापर्यंत सामन्याबरोबर गावही पोहोचते.

या समालोचनाचा गौरव करताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. ऐन चढाईत मान्यवरांचे आगमन जाहीर होते, देणगीदारांची नावे वाचली जातात आणि निर्णायक गुण सत्काराच्या शब्दांत हरवतो. यजमान गावाच्या संघाकडे झुकते मापही अनेकदा जाणवते. शिवाय अलीकडे प्रो कबड्डीच्या समालोचनाचे अनुकरण वाढत असून वर्णनाची जागा आरोळी घेऊ लागली आहे. मोठ्या प्रवाहाने स्थानिक प्रवाहाकडून शिकावे अशी स्थिती असताना नेमके उलट घडत आहे, ही चिंतेची बाब होय.

एक आक्षेप

ज्याला चित्र दिसते त्याला वर्णन कंटाळवाणे वाटेल, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. दूरचित्रवाणीवरील उत्तम समालोचकाला मौनाचेही मोल कळते. परंतु प्रेक्षकाला ध्वनी निवडू देणे हेच नव्या तंत्राचे वैशिष्ट्य आहे. बारा भाषांचे ध्वनी देता येतात, तर मराठीतच ऐकणाऱ्यासाठी वर्णनप्रधान ध्वनी देणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. असे झाल्यास दृष्टिहीन रसिकांचीही सोय होईल. आजवर त्यांचा विचार कोणत्याही थेट मराठी समालोचनाने अग्रक्रमाने केलेला नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1) आंतरजालावरील थेट प्रक्षेपण दृक्‌श्राव्य असले, तरी पेण–रोहा परिसरातील कष्टकरी वर्ग त्याचा उपयोग मुख्यतः श्राव्य माध्यमासारखा करतो.

2) मोठ्या सेवांनी मराठीला स्थान दिले, पण त्या समालोचनाने आकाशवाणीची वर्णनपरंपरा पुढे नेलेली नाही.

3) स्थानिक कबड्डीच्या समालोचनात ही परंपरा अनौपचारिक स्वरूपात जिवंत आहे, मात्र अनुकरणामुळे ती क्षीण होत आहे.

4) आकाशवाणीचे बरेचसे समालोचन हवेत विरले. यू-ट्यूबवरील सामने तूर्त उपलब्ध असले, तरी वाहिनी बंद पडताच ते नाहीसे होऊ शकतात. परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी त्यांचे जतन व लिप्यंतर करून खेळाच्या परिभाषेचा आणि आगरी बोलीचा संग्रह सिद्ध करावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हा विषय हाताशी आहे, आणि त्यासाठी लागणारे माहीतगार बोलके विद्यार्थी वर्गातच बसलेले आहेत.