एएनए पॉझिटिव्ह: उत्तर कुठल्या प्रश्नाचं?

ऑटोअँटिबॉडींचा विषय निघाला की दोन पेपर हमखास पुढे येतात. दोन्ही चांगले आहेत. घोळ होतो तो आपण ते वाचतो तिथे. आणि तो महागात पडतो, कारण रिपोर्टवर 'एएनए पॉझिटिव्ह' दिसलं की माणूस रात्रभर ल्यूपस गूगल करत बसतो.

पहिला पेपर एंग टॅन आणि सहकाऱ्यांचा, १९९७चा. पेशीच्या केंद्रकातल्या घटकांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी म्हणजे एएनए. पंधरा प्रयोगशाळांनी रुग्णांबरोबर निरोगी लोकांचेही नमुने तपासले. रक्तद्रव ४० पट पातळ करूनही ३१.७ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह आले, ८० पटीला १३.३ टक्के. निरोगी माणसं होती १२५च, त्यामुळे दशांशावर फार विसंबू नका. पण हिशोब करून बघा. समजा, हजारात एकाला ल्यूपस आहे आणि तुम्ही दहा हजार जणांची सरसकट टेस्ट केली. ८० पटीला खरे रुग्ण सापडतील जास्तीत जास्त दहा, आणि ल्यूपस नसलेले पॉझिटिव्ह निघतील तेराशेच्या वर.

दुसरा पेपर मेलिसा अर्बकल आणि सहकाऱ्यांचा, २००३चा. अमेरिकी सैन्याने साठवलेल्या जुन्या रक्तद्रवात त्यांनी मागे जाऊन पाहिलं. ल्यूपसच्या १३० रुग्णांपैकी ११५ जणांमध्ये निदानाच्या आधीच किमान एक ऑटोअँटिबॉडी होती, काहींत तर नऊ वर्षं आधी. काम सुंदरच आहे. पण सुरुवात रुग्णांपासून झालीये. रुग्णांपैकी किती जणांत अँटिबॉडी होती, हे त्यातून कळतं. अँटिबॉडी असलेल्यांपैकी किती जण आजारी पडतील, हा उलटा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिथे नाही.

मग या टेस्ट कशासाठी? आजार आहे असा रास्त संशय आला की तो कुठला, हे ओळखायला. अँटी-एसएम ल्यूपसकडे बोट दाखवते, अँटी-सीसीपी र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसकडे, अँटी-सेंट्रोमिअर स्क्लेरोडर्माच्या मर्यादित प्रकाराकडे. अँटी-आरओ मात्र ल्यूपस आणि शोग्रेन दोन्हींत सापडते, म्हणजे फरक करायला कच्ची. तरी तिला टाकाऊ समजू नका. ही अँटिबॉडी असलेल्या आईच्या साधारण २ टक्के गरोदरपणांत बाळाच्या हृदयात हार्ट ब्लॉक होतो, आईला स्वतःला काही त्रास नसला तरी.

माझी खरी तक्रार तुलनेबद्दल आहे. 'या टेस्टची स्पेसिफिसिटी ९५ टक्के' असं वाचलंत, तर आधी विचारा: कुणाच्या तुलनेत? निरोगी रक्तदात्यांच्या तुलनेत आकडा छान येणारच. पण डॉक्टरसमोर बसलेली व्यक्ती सांधे दुखतायत म्हणून आलेली असते. तिथे निवड ल्यूपस की शोग्रेन की आणखी काही, अशी असते.

ल्यूपसच्या २०१९च्या निकषांतही ८० पटीची एएनए हे फक्त प्रवेशाचं दार आहे. पुढे लक्षणं आणि इतर तपासण्या मिळून १० गुण भरावे लागतात. शिवाय ते निकष संशोधनासाठी रुग्ण निवडायला बनवलेत, घरबसल्या निदान करायला नाही.

म्हणून रिपोर्ट हातात आला तर डॉक्टरांना एवढंच विचारा: ही टेस्ट माझ्या कुठल्या लक्षणासाठी केली होती? त्याचं उत्तर नीट मिळालं, तरच त्या 'पॉझिटिव्ह'ला काही अर्थ आहे.