शुक्रनीतींतील ‘नालास्त्रशोधन’ व घरोघरचीं जुनीं पिस्तुलें

शुक्रनीतीच्या चौथ्या अध्यायांतील अग्निचूर्ण व नालिक यांचें प्रकरण आमच्या अभ्यासकांच्या परिचयाचें आहे. त्यावरून दोन निष्कर्ष काढलेले ऐकूं येतात. पहिला, बंदूक व दारू भरतखंडांत अतिप्राचीन काळापासून होती. दुसरा, नालास्त्र आधीं शुद्ध करावें असें ग्रंथकार सांगतो, त्या अर्थीं घरांतील जुनीं शस्त्रें घासून लख्ख ठेवणें शास्त्रसंमत आहे. हे दोन्ही निष्कर्ष आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत.

पहिला पक्ष गुस्ताव ओपर्ट यांनीं इ. स. १८८० मध्यें आग्रहानें मांडला. पुढें आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं या प्रकरणाच्या प्राचीनत्वाविषयीं शंका घेतली, आणि लल्लनजी गोपाल यांनीं इ. स. १९६२ मध्यें हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें प्रतिपादिलें. ग्रंथाचा काळ कांहींहि असो, या प्रकरणाचा काळ त्यांतील वर्णनच सांगतें. पांच वितींची नळी, नेमासाठीं तिळाएवढे बिंदू, लांकडी दस्ता, आणि कानाशीं आघातानें अग्नि पाडणारा दगड, असें लघुनालिकाचें स्वरूप तेथें दिलें आहे. ही तोड्याची नव्हे, चकमकीची बंदूक होय. तिचा चाप युरोपांत सतराव्या शतकाच्या आरंभीं पूर्णत्वास आला. त्यापूर्वींचें हें वर्णन असूं शकत नाहीं.

आतां ‘शोधन’ पाहूं. ग्रंथांतील क्रम असा: प्रथम नळीचें शोधन, मग दारू, ती गजानें ठासणें, मग गोळी, शेवटीं कानांत रंजक. म्हणजे हें शोधन भरण्यापूर्वींचें आहे. बार उडाल्यानंतरच्या निगेचें तें विधान नव्हे. शिवाय ‘शुध्’ धातूच्या प्रयोजक रूपास निर्मळ करणें व तपासून पाहणें असे दोन्ही अर्थ आहेत. नळींत मागील दारू अथवा गोळी राहिली नाहीं ना, हें पाहणें येथें अभिप्रेत असावें. बाहेरील झिलईशीं त्याचा संबंध नाहीं.

हा अर्थभेद केवळ शाब्दिक नाहीं. वाड्यांतील ठासणीची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या भरलेलीच राहिली असण्याचा संभव असतो, आणि कोरडी राहिलेली दारू जुनी झाली म्हणून निकामी होत नाहीं. गज तळाशीं जाईल तितका सोडून तोंडाशीं खूण करावी व ती लांबी बाहेरून कानापर्यंत लावून पाहावी. गज बराच अलीकडे थांबला तर नळी मोकळी नाहीं. टोपीच्या फिरत्या पिस्तुलांत चक्राचें प्रत्येक घर व टोपी बसविण्याची प्रत्येक खुंटी पाहावी. कांहीं आढळल्यास उकरूं नये; परवानाधारक कारागिराकडे कळवावें.

बार उडालेल्या शस्त्राची निगा निराळी. जळलेल्या काळ्या दारूचा वजनानें निम्म्याहून अधिक भाग घनरूप असतो. त्यांतील पोटॅशचे क्षार हवेंतील दमटपणा ओढून लोखंडास गंज चढवितात. ते तेलांत विरघळत नाहींत, पाण्यांत विरघळतात. म्हणून चालू शस्त्र त्याच दिवशीं गरम पाण्यानें धुऊन, पूर्ण वाळवून, मग पातळ तेल लावावयाचें असतें. फिरत्या पिस्तुलांत ही राख चक्र व नळी यांमधील फटींत आणि चक्राच्या आंसावर सांचते, व तें चक्र अडतें. परंतु शंभर वर्षें बार न उडालेल्या वस्तूस हा नियम लावूं नये. तिला मऊ फडकें व तेलाचा हलका हात पुरे.

नाशिक हें तांब्यापितळेच्या भांड्यांचें गांव. चिंच, राख व विटेची पूड यांनीं समई उजळणारा हात खंडेनवमीस पिस्तुलाकडेहि वळतो, आणि अनर्थ तेथेंच होतो. इ. स. १८५१ च्या नौदली नमुन्याच्या कोल्ट पिस्तुलाच्या चक्रावर इ. स. १८४३ मधील एका सागरी लढाईचें चित्र उथळ ठशानें उठविलेलें असतें. तें घर्षणानें लवकर झिजतें. त्याच्या नळी, चौकट, चक्र इत्यादि भागांवर अनुक्रमांक ठोकलेले असतात, व ते जुळले तरच सर्व भाग मूळचे ठरतात. हे अंक, कारखान्याची मुद्रा व नळीच्या परीक्षेचे ठसे हींच त्या वस्तूची पुष्पिका. त्यांवर विटेची पूड फिरविणें म्हणजे पोथीच्या शेवटच्या पानावर हरताळ फासणें होय.

शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या ४५ व्या कलमानें जुन्या घडणीचें अथवा पुराणवस्तु म्हणून मोलाचें शस्त्र वगळलें आहे, पण तें दुरुस्तीनेंहि चालण्याजोगें नसेल तरच. चालूं शकणारें शस्त्र वापरण्यास परवाना लागतो. म्हणून हौसेनें घोडा किंवा चाप दुरुस्त करवूं नये.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच. येत्या खंडेनवमीपूर्वीं नळी मोकळी असल्याची खात्री करावी, शस्त्रावरील अक्षरें व अंक जसेच्या तसे उतरून घ्यावे, छायाचित्र काढावें, आणि मगच फडकें हातीं घ्यावें. ओलें हळदकुंकूहि लोखंडास न लावतां पाटावर वाहावें. पूजेंत त्यानें कांहीं उणें पडत नाहीं.