चित्राशिवायचं गाणं

मागच्या खेपेस आम्ही ‘द सिम्पसन्स सिंग द ब्लूज’ या १९९० सालच्या अल्बमविषयी बोललो. टीव्हीवरच्या विनोदी कार्टूनमधली मंडळी तिथे गातात, आणि एका गाण्याला तर साक्षात बी. बी. किंग यांची गिटार आहे. चित्र समोर नसताना त्या गाण्यांत काय उरतं, हा आमचा प्रश्न होता. नंतर एका बाईंनी विचारलं, ‘सर, हाच प्रश्न आपल्या एखाद्या गाण्याला लावाल का?’ लावू या.

‘एक अनेक और एकता’. फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ चा, जेमतेम सात मिनिटांचा ॲनिमेशनपट. दूरदर्शनने तो इतक्या वेळा दाखवला की एका अख्ख्या पिढीला पाठ आहे. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसैन यांचं, शेवटच्या गाण्याचे शब्द पं. विनयचंद्र मौद्गल्य यांचे आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं. चालीत एकही अवघड जागा नाही. तालीम न झालेल्या शंभर पोरांनी एकदम म्हणावी अशीच ती बांधलीय. त्यामुळे ती पडद्यावरून सरळ शाळेच्या मैदानात गेली.

आमची तक्रार इथूनच सुरू होते.

चित्रात काय आहे? पाखरं जाळ्यात अडकतात, एकदम उडतात, पारध्याचं जाळंच उचलून नेतात, आणि मग उंदीर ते कुरतडतात. गोष्ट जुनीच, हितोपदेशातली. पण बघा, इथे प्रत्येक पाखराला स्वतःचे पंख हलवावे लागतात. पंख उसने मिळत नाहीत. शिवाय सुटायला उंदीर लागतात, म्हणजे ज्यांना पंखच नाहीत असे! सुटल्यावर पाखरं पाखरंच राहतात, उंदीर उंदीरच.

गाणं मात्र दुसरंच सांगतं. तिथे फुलं एका माळेत गुंफली जातात, नद्या सागरात एक होतात. माळेतलं फूल म्हणजे खुडलेलं फूल. आणि नदी? आपल्या नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला उभं राहा. प्रवरा गोदावरीला मिळते, आणि पुढे तिचं नाव कोणी घेत नाही. मुंडकोपनिषदात हाच दृष्टांत आहे: नद्या नामरूप टाकून समुद्रात जातात. ब्रह्माविषयी बोलताना तो शोभतो. अकोल्याच्या डोंगरातल्या ठाकराच्या पोराला ‘तुझं नामरूप टाक’ म्हणणं, हे फार वेगळं प्रकरण झालं.

एक जागा मौद्गल्यांना अचूक सापडलीय, हे मान्य केलं पाहिजे. कोकिळा, पपीहा, बुलबुल, सगळ्यांचे आवाज निराळे आणि राग एक. ते स्वतः गवई होते ना! सगळे स्वर सारखेच झाले तर राग उरत नाही, हे गवयाला सांगावं लागत नाही.

पण म्हणताना आपण जोर कशावर दिला? आम्हीही यात आलो. महाविद्यालयात असताना कितीतरी २६ जानेवारींना पोरांना रांगेत ताठ उभं करून आम्ही हे म्हणवून घेतलं. पाखरं नव्हती, उंदीर तर नव्हतेच. कोणी हललं तर रागावत होतो. (हशा) हसा, पण रागावत होतो. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस, आणि युक्तिवाद गाळून नुसता निष्कर्ष घोकून घेत होता.

आता तेवढे दिवे मालवा. सात मिनिटं बघू या, प्रश्न मग घेऊ.