हयात मित्राची विलापिका

विलापिका ही बहुधा मृताची असते. 'रघुवंशा'तला अज इंदुमतीसाठीं शोक करतो, टेनिसन आपल्या हॅलमसाठीं. आणि दोघांच्याही शोकाला एक सोय असते, ती ही कीं, ज्याच्यासाठीं अश्रू ढाळावयाचे तो उठून समोर येऊन उभा राहत नाहीं. 'पिंक फ्लॉइड' या इंग्रजी रॉक बँडला ही सोय लाभली नाहीं. १९७५ च्या सप्टेंबरांत निघालेल्या 'विश यू वेअर हिअर' या त्यांच्या अल्बमचा विषय जो सिड बॅरेट, तो त्या वेळीं अवघा एकोणतीस वर्षांचा होता आणि चांगला हयात होता.

बँडचा पहिला नायक हाच. १९६७ च्या पहिल्या अल्बममधील बहुतेक गीतें त्याचींच. पुढें त्याच्या मनाचा तोल ढळला, वादनांत लक्ष राहीना, आणि १९६८ च्या जानेवारींत एके दिवशीं कार्यक्रमाला जातांना सोबत्यांनीं त्याला घ्यावयास जाण्याचेंच टाळलें. भांडण नाहीं, निरोप नाहीं. गाडी त्याच्या घराकडे वळली नाहीं, इतकेंच. आम्हांस वाटतें, या साऱ्या अल्बमचें बीज त्या न वळलेल्या गाडींत आहे.

'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' हें नऊ भागांचें दीर्घगीत मध्यें तोडून त्याच्या एका तुकड्यानें अल्बमचा आरंभ आणि दुसऱ्यानें शेवट केला आहे. १९७४ च्या कार्यक्रमांत तें अखंड वाजविलें गेलें होतें. तोडण्यास गिटारवादक डेव्हिड गिल्मर याचा विरोध होता; रॉजर वॉटर्सनें आपलाच हेका चालविला, आणि आमच्या मतें योग्य केलें, कारण त्यामुळें बाकीचीं गीतें शोकाच्या दोन बाहूंमध्यें सांपडतात. आरंभ तर पाहा. दूरवरून धुक्यासारखा पसरत येणारा नाद, आणि मग गिटारचे ते चार स्वर, जणूं कोणी रिकाम्या घराचें दार ठोठावीत आहे. शब्द उमटावयास आठ मिनिटांहून अधिक काळ लागतो. उतावीळ श्रोत्यास हें पाल्हाळ वाटेल. आम्हांस तें वाट पाहणें वाटतें.

मधल्या दोन गीतांविषयीं मात्र आमचा मतभेद आहे. 'वेलकम टु द मशीन' व 'हॅव अ सिगार' यांत ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यावर कोरडे ओढले आहेत. दुसऱ्यांतील उपहास झोंबतो खरा. तें गावयास रॉय हार्पर हा बाहेरचा गायक आणला, हेंही शोभून दिसतें. पण सिगार पुढें करणाऱ्या व्यापाऱ्यास झोडपणें सोपें असतें. बॅरेटला घ्यावयास न गेलेली गाडी कोणा कंपनीची नव्हती. अपराध आपला आणि फटके यंत्राला, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. शिवाय त्याच यंत्रानें हा अल्बम इंग्लंडांत व अमेरिकेंत विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर नेऊन बसविला. वेष्टनावर हस्तांदोलन करणारे दोन गृहस्थ, त्यांतील एक पेटलेला. आणि तें चित्रही काळ्या प्लास्टिकखालीं झांकून विकावयास ठेवलेलें!

शीर्षकगीतांत ही खोट नाहीं. प्रथम रेडिओंतून आल्यासारखी क्षीण, खरखरीत गिटार ऐकूं येते, आणि मग तिच्या साथीला कोणी अगदीं जवळ बसून दुसरी वाजवूं लागतो. दोन्ही गिटारी गिल्मरच्याच, तरी मधलें अंतर मिटत नाहीं. येथें कोणावर आरोप नाहीं, म्हणूनच तो गाणाऱ्यावर येऊन पडतो. (थोर व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यानें या गीतासाठीं केलेलें वादन मूळ मुद्रिकेंत जवळजवळ ऐकूंच येत नाहीं; तें २०११ च्या आवृत्तींत लोकांना नीट ऐकावयास मिळालें. अनुपस्थितांच्या यादींत आणखी एकाची भर!)

५ जून १९७५ रोजीं लंडनच्या ॲबी रोड स्टूडिओंत या अल्बमचें काम चालू असतां एक स्थूल मनुष्य आंत आला. डोकें भादरलेलें, भुवयाही काढलेल्या. बराच वेळ कोणीं त्याला ओळखलें नाहीं. तो बॅरेट होता. ओळख पटल्यावर कांहींना रडूं कोसळलें, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. तेव्हां या गीतांतला 'तूं' कोण, हा प्रश्न आम्हांस छळतो. तो १९६७ चा तरुण असावा; खोलींत उभा असलेल्या मनुष्यासाठीं कोणीं गीत रचलें नव्हतें. तो मनुष्य पुढें २००६ पर्यंत जगला, बव्हंशीं केंब्रिजमध्यें, एकांतांत.

अल्बम संपतां संपतां, स्वर विरत असतांना, रिचर्ड राइट बॅरेटच्या 'सी एमिली प्ले' या जुन्या गीताची लकेर क्षणभर वाजवितो. ती इतकी हळू आहे कीं, पहिल्या दोन वेळां ती आमच्याही कानांतून निसटली.