आधी आंघोळ, मग आंघोळ

होक्काइदोत तोया सरोवराच्या काठी एका हॉटेलात आम्ही दोन रात्री काढल्या. गरम पाण्याच्या हौदात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून साबणानं खसखसून आंघोळ करायची, आणि मग आंघोळीला जायचं! तेही चारचौघांत, दिगंबर. पंचा नेसून उतरू म्हटलं, तर पंचा पाण्यात चालत नाही. घडी करून डोक्यावर ठेवायचा. म्हणजे झाकायचं ते टक्कल! पण पाच मिनिटांत कळलं, कुणी कुणाकडे बघतच नाही. इतकी सभ्य नग्नता मी पाहिली नव्हती. (हिचं मत निराळं असेल, बायकांचा हौद वेगळा.) युकाताचा उजवा पदर वर घेतला तेव्हा मात्र सेविका दचकली. तसा म्हणे प्रेताला घालतात.

तक्रार एकच. एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत तिथं रोज रात्री सरोवरावर आतषबाजी होते. आणि पाठीशी कोण, तर उसू ज्वालामुखी! तो १९१० साली भडकला, १९१७ साली काठावर गरम पाणी सापडलं, आणि गाव हॉटेलं बांधून मोकळं झालं. २००० साली तो पुन्हा उसळला. माणसं आधीच हलवली होती म्हणून वाचली. ज्याच्या चुलीवर तुमचं पाणी तापतं, त्याच्यापुढे फुलबाज्या कसल्या लावता? दुसऱ्या रात्री मी निषेधादाखल पडदा ओढून घेतला.

हिनं तो उघडला.